खोट्या भाकरीसाठी खरी खोली

मी, राहीबाई, दिवंगत भिवाजी नगराळे यांची पत्नी, राहणार मावला, जिल्हा आदिलाबाद, या कागदाने जाहीर करते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे लिहून घेणारे संघपाल म्हणतात. वय विचारू नये. माझा जन्म नार्नूरकडचा, ज्वारी सोंगायच्या दिवसांतला, आणि तो मांडून ठेवायला घरात कोणाला अक्षर येत नव्हते. मलाही आले नाही. म्हणून मी बोलते आणि संघपाल लिहितात. बोलेन ते सारे उतरवायचे, गाळायचे नाही, अशी त्यांना ताकीद आहे.

("मावशी, कायद्याच्या कागदात ताकीद नाई लिहत." लिही म्हटले ना.)

हे मृत्युपत्र मी कोणाच्या दाबाखाली करत नाही. दाब टाकायला माझा मुलगा शाळेच्या रविवारच्या जादा मीटिंगमधून निघाला आहे अशी खबर आहे. तो पोचेपर्यंत आपले बरेच लिहून होईल. भांडण रस्त्याकडच्या खोलीचे आहे.

माझे यजमान आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात सालदार होते. हे घर उभे राहिले तेव्हा त्यांनी ते माझ्या नावावर केले. म्हणाले, "माह्या नावावर राह्यलं तर भाऊ येतील. तुह्या नावावर यायची कोणाची छाती?" कोणी आले नाही. सबब घर माझे एकटीचे आहे. मला एक मुलगा धम्मपाल, तो मास्तर आहे. एक सून सुवर्णा. आणि त्यांची मुलगी प्रीती, जी जपानमधल्या म्हाताऱ्यांना सांभाळायला गेली आणि इथली म्हातारी मोबाईलवरून सांभाळत राहिली. या पावसाळ्यात ती परत आली. एका पेटीत कपडे, दोन पेट्यांत जपान, ते सारे माझ्यासाठी.

कलम एक. विजेवर चालणारी संडासाची बैठक. ही थंडीत गरम होते, पाण्याने धुऊन देते, आणि माणूस बसला की तिच्यातून नदी वाहिल्याचा आवाज येतो, म्हणजे बाहेरच्यांना आतले काही ऐकू जाऊ नये. पहिल्या दिवशी सुवर्णा ओरडत बाहेर आली, "आत पूर आला!" ही बैठक धम्मपालला द्यावी. तो हिला फालतू चैन म्हणाला होता. तेव्हापासून त्याचे वर्तमानपत्र तिथेच राहायला गेले आहे. उन्हाळ्यात गावातल्या बोअर आटल्या तरी त्याच्या वाट्याची नदी वाहत राहो.

कलम दोन. भाताचे यंत्र. भात झाला की हे गाणे म्हणते. या घरात काम झाल्यावर गाणारे हे एकच. बाकीचे काम सांगितल्यावर रडतात. हे सुवर्णाला द्यावे. तिच्याइतके गुपचूप राबलेल्या बाईसाठी कोणीतरी गायलेच पाहिजे.

कलम तीन. बिनमुंडक्याची मांजर. उशीएवढा केसाळ यंत्राचा गोळा आहे, त्याला तोंड नाही, पाय नाहीत, फक्त शेपूट. कुरवाळले की शेपूट हलते. लोक विचारतात, डोके काऊन नाही? डोके नसलेल्यावरही जीव लावता येतो, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळले होते. ही मांजर शेजारचे डोमाजी यांना द्यावी. त्यांची बायको गेल्यापासून ते रोज दुपारी येतात आणि माझी तब्येत विचारून हिला मांडीवर घेतात.

इथे एक अडचण आली. डोमाजी आज साक्षीदार म्हणून आले होते. संघपाल म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्ष न केलेली बरी.

"म्हंजे सही कराची की मांजर घ्याची?" डोमाजींनी विचारले.

"एकच भेटते, मामा."

"सही काय, कोणीबी करते," असे म्हणून त्यांनी मांजर मांडीवर ओढली. साक्षीला आता त्यांच्या जागी सखूबाईला बोलावणे धाडले आहे.

कलम चार. रस्त्याकडची खोली. आता नीट ऐका, कारण हा सारा खटाटोप मी हिच्यासाठीच मांडला आहे.

जन्मभर मी हॉटेलात गेले की एकच म्हणत आले: सगळ्यांना जे, ते मला. भिंतीवर पाटी असते, टेबलावर कागद असतो, आणि दोन्हींवर मुंग्या. तेलुगूच्या गोल मुंग्या, इंग्रजीच्या लांब मुंग्या. धम्मपाल वाचून दाखवायचा, पण मला संशय आहे की मसाला डोशाच्या पुढे त्याने कधी वाचलेच नाही.

मग एक दिवस प्रीतीने तिकडच्या बाजारातून व्हिडिओ लावला. हॉटेलाबाहेर काचेचे कपाट, आणि त्यात अख्खे जेवण मांडलेले! रश्शातल्या शेवया, अर्धे कापलेले अंडे, आणि एक काटा तर हवेत उभा, त्याला शेवया गुंडाळलेल्या, धरणारा हात कुठेच नाही. मी ओरडले, "अवं, माशा बसतील ना!"

प्रीती हसून हसून वाकली. "आजी, खोटं आहे सारं. मेणाचं, प्लॅस्टिकचं. आपण बोट दाखवाचं, अन् आतून खरं येते."

बोट दाखवायचे! अक्षर नको, मास्तर नको, फक्त बोट. मी इथे मावल्यात बसून मोबाईलच्या काचेवर बोट टेकवले. "ते हिरवं. ज्याच्यावर पांढरा गोळा आहे ते." प्रीतीने ते तिथे मागवले आणि माझ्या नावाने प्यायली: हिरवे सरबत, वर आइस्क्रीम. आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलात मी माझ्या मनाचे मागवले, आणि ते समुद्रापलीकडच्या हॉटेलात! त्या दिवशी मी सुवर्णाला सुखाने जेवू दिले नाही, इतके सांगत राहिले.

प्रीती मग सुट्टीच्या दिवशी असले जेवण घडवणाऱ्या एका बाईकडे शिकायला जाऊ लागली. कोमट पाण्यावर रंगीत मेण ओतायचे, बोटांनी हळू ओढायचे, आणि बघता बघता कोबीचे पान! मी इकडून "पुन्हा कर, पुन्हा कर" एवढेच म्हणत असे.

घरी आल्यावर तिने माझ्या भाकरीचा साचा घेतला. पहिली खोटी भाकर पाहून मी म्हटले, "ही भाकर नाई, आजारी चंद्र आहे." दुसरीवर सारे डाग एकाच मापाचे. "तवा काय रांगोळी काढते, पोरी?" चिडली, पण पुन्हा बसली. तिसरीचा पापुद्रा एका अंगाने असा उचललेला होता की वाफ आत्ताच निघून गेली असावी. मी तिच्यावर फुंकर मारली. खरेच मारली.

आणि त्याच दिवशी इंद्रवेल्लीहून माझी नणंद मनकर्णा आली. माझ्या लग्नापासून तिचे एक पालुपद आहे: राहीची भाकर जाड, राहीची भाकर कडक. मी ताटात खरे पिठले वाढले, खरा ठेचा वाढला, आणि शेजारी ती भाकर ठेवली. तिने तुकडा मोडायला पाहिला. मोडेना. मग सरळ दातात धरली आणि ओढली. पुन्हा ओढली. मग शांतपणे खाली ठेवून म्हणाली, "राही, इतकी वर्सं झाली, तुहा हात काई सुधरला नाई."

प्रीती मोरीत जाऊन हसली. मी त्याच घटकेला ठरवले की पोरगी कारागीर झाली. दाताची खूण असलेली ती भाकर, चौकट करून, मनकर्णाला देण्यात यावी. तिने ती पाहुण्यांना दिसेल अशी लावावी.

नागपूर रस्त्यावरच्या एका नव्या हॉटेलवाल्यानेही ती भाकर पाहिली. त्याच्याकडे पंजाबापासून तमिळनाडूपर्यंतचे ट्रकवाले उतरतात, आणि कोणाचे बोलणे कोणाला कळत नाही. त्याला दाराशी काचेचे कपाट पाहिजे आणि त्यात सारी ताटे: भाकर-पिठले, इडली, पुलाव, सारे. पण या कामाला भट्टी लागते, फळ्या लागतात, वास जायला खिडकी लागते. सुवर्णाच्या स्वयंपाकघरात ते होत नाही. आणि तिकडच्या वृद्धाश्रमाने प्रीतीला परत बोलावले आहे. बुधवारपर्यंत हो की नाही कळवायचे आहे. खोली मिळाली तर पोरगी राहील, नाही तर जाईल.

म्हणून रस्त्याकडची खोली, दार, खिडकी, ओटा आणि वीजमीटरसकट, माझी नात प्रीती हिला मी

इथे धम्मपाल आला.

"माय, थांब. ते खोली मी मोबाईल दुकानवाल्याले कबूल केली."

"कोणाच्या तोंडानं?"

"अवं, पोरीची तिकडं चांगली नोकरी आहे. कदर आहे. इथं खोट्या भाकरीनं कोणाचं पोट भरते?"

"तुह्या वर्गातल्या तक्त्यावरच्या आंब्यानं भरते का? तरी त्याच्यावर बोट ठिवूनच पोट्ट्याईले शिकवतं ना?"

संघपाल हसले. धम्मपाललाही हसू आले, पण मास्तर असल्याने त्याने ते गिळले आणि प्रीतीकडे वळला. "तुले खरंच राहाचं आहे?"

"हो, पप्पा. तिथलं काम वाईट नाई. पण हे माझं आहे." मग लगेच माझ्याकडे, डोळे हे एवढे मोठे करून: "आजी, मग सामान कधी हलवू? आजच?"

संघपालांचा पेन थांबला. "आज नाई, बाई. मृत्युपत्र मावशीच्या मागं लागू होते."

"मागं म्हंजे?" मी विचारले.

"म्हंजे... तुमी नसल्यावर."

"अन् मले नसाले किती टाईम लागन?"

डोमाजींनी मांजर कुरवाळत मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "बाईचा बांधा पाह्यला तर अजून लय दिवस कुठं जात नाई."

"मग झालं तर!" धम्मपालच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "घाई कायची? तवरलोक मोबाईलवाला राहीन."

माझे जगणे एखाद्याच्या इतके सोयीचे असेल असे मला वाटले नव्हते. मी म्हटले, "मले अक्षर येत नाई, पण बुधवार येते. संघपाल, जित्या माणसानं हातानं द्याचा कागद कोणता?"

"बक्षीसपत्र. रजिस्ट्री करा लागते. उद्याचा स्लॉट भेटते का पाहतो." त्यांनी मोबाईल काढला. प्रीतीने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. "भेटला!" संघपाल म्हणाले.

सबब कलम चारमधला खोलीचा मजकूर रद्द. ती खोली या मृत्युपत्रात येत नाही, कारण उद्या दुपारनंतर ती माझी नसेल. जे थांबू शकते ते या कागदात राहिले. जिला थांबायला वेळ नाही ती बाहेर काढली. मनकर्णाची भाकर मात्र कायम.

धम्मपाल ओट्यावर जाऊन बसला. मग म्हणाला, "माय, त्या मोबाईलवाल्याले काय सांगू?"

"सांग, माय जिती आहे."

कलम पाच. मागचे घर धम्मपाल आणि सुवर्णा यांना निम्मे निम्मे. सुवर्णाचे नाव आधी लिहावे. मी गेल्यावर पुण्यानुमोदनाला वंदना घ्यावी, गोड करावे, आणि कोणी माझ्या भाकरीबद्दल भाषण करू नये.

हे सारे मला वाचून दाखवले. मी दोन ठिकाणी हसले, तेवढे बरोबर आहे.

ठिकाण: मावला, रस्त्याकडची खोली
दिनांक: रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

राहीबाई भिवाजी नगराळे, यांचा अंगठा

साक्षीदार:
१. सखूबाई पाझारे, मावला (सही)
२. वामनराव, समोरचे किराणावाले (सही)

लेखक: संघपाल. वरील मजकूर मावशींनी सांगितल्याप्रमाणे, सांगितला तितका सारा लिहिला आहे. अंगठा उठवल्यावर शाई पुसायला फडके पुढे केले असता त्यांनी ते घेतले नाही. म्हणाल्या, "राहू दे. उद्या पुन्हा लावाचा आहे."