पंढरीशेठची जीभ

अंजूर, ता. भिवंडी
गुरुवार, दुपार

ती. कुमारदादास,

अनंताचा वाकून नमस्कार. तुझ्या पायाचा अंगठा कसा आहे? युरिक ॲसिड उतरलं का? डॉक्टरांनी तुझी बिअर बंद केल्यापासून तू बिअरवर पूर्वीपेक्षा जास्त बोलतोस, असं वहिनी मेघालीला म्हणाल्या. (हे मी सांगायला नको होतं. पण लिहिलेलं खोडलं तर तू उजेडात धरून वाचशील, म्हणून राहू देतो.) आम्ही सगळे मजेत आहोत, म्हणजे मी सोडून सगळे. रंजिताचा साखरपुडा पंधरवड्यावर आला आहे आणि तो नीट पार पडेल की नाही, हे सध्या तू पाठवलेल्या बिअरवर अवलंबून आहे. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस आणि या विषयात मला कुणी मध्ये बोललेलं सोसणार नाही.

सागरच्या हळदीसाठी तू महिनाभर आधीच पुण्याहून तो बिअरचा खोका पाठवलास, तेव्हा सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतंस की ही बिअर ढोसायची नसते, आधी हुंगायची, मग संत्र्याच्या सालीचा आणि धण्याचा वास ओळखायचा, मग घोट घ्यायचा. दादा, मी कॉलेजपासून एकच साधी बिअर पितो, वर्षातून चार-पाच प्रसंगी, आणि माझ्या तिच्याकडून अपेक्षा दोनच : ती थंड असावी आणि शेजारी तळलेले सुके बोंबील असावेत. तुझी चिठ्ठी वाचल्यावर मला पहिल्यांदाच शंका आली की आपल्याला बिअर आवडते की बोंबील? म्हणून एका रविवारी नुसते बोंबील खाऊन पाहिले, उत्तम लागले. पुढच्या रविवारी नुसती बिअर घेतली, तर अर्ध्या ग्लासात मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. रोजनिशीत दोन्ही निकाल प्रामाणिकपणे नोंदवले आहेत. तर असा मी माणूस, आणि चौपट किमतीची बिअर व्याह्यांना पाजायची जबाबदारी माझ्यावर.

व्याही म्हणजे आमच्या होणाऱ्या जावयाचे, हितेशचे वडील, पंढरीशेठ. अकलोलीचे. दोन टेम्पो आहेत, मन मोठं आहे, आणि आवाज मनापेक्षा मोठा. सागर आपला पुतण्या असला तरी त्याच्या हळदीला होणारे व्याही म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. आता आपल्या घरचा नियम तुला ठाऊक आहे. देव बसले की मांडवात बाटली दिसता कामा नये, असा गोदूआत्याचा दंडक. पिण्याला तिची हरकत नाही, दिसण्याला आहे. म्हणून आपल्याकडे हळदीला बिअर चहाच्या किटल्यांतून फिरते. (बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, केवढी चहाबाज माणसं.) मी तुझ्या सगळ्या बाटल्या एका किटलीत ओतल्या, आपली साधी बिअर दुसऱ्या किटल्यांत, आणि सरमिसळ होऊ नये म्हणून तुझ्या किटलीला लाल-पिवळा नाडा बांधला. दादा, मी गोडाऊनमध्ये दिवसभर हेच काम करतो. खोक्यावर जे लिहिलंय तेच आत आहे ना, हे बघण्याचा मला पगार मिळतो. खूण केली की चूक होत नाही, असं मी नव्या पोरांना शिकवतो.

पण हळदीच्या घरात नाडा बांधलेलं भांडं कशाचं असतं, हे मी विसरलो आणि गोदूआत्या विसरली नाही. मी ताटं मोजायला मागच्या अंगणात गेलो, तेवढ्यात तिने ती किटली नवरदेवाच्या हळदीचं पाणी म्हणून उचलली आणि परातीतल्या हळदीवर रिकामी केली. आत्याला आठवडाभर पडसं होतं, वास कुठून येणार? मी परतलो तेव्हा सागर पाटावर बसलेला, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा, आणि कानांमागून फेस ओघळतो आहे. बायका गात होत्या. आत्या मला बघून ओरडली, "अनंता, हलद कशी फुलली बघ! देव पावला रं!" सागर डोळे मिटून हळूच म्हणाला, "काका, संत्र्याचा वास येतोय, छान आहे." (म्हणजे तुझी चिठ्ठी खोटी नव्हती, हे नमूद करतो.) मी आत्याला बाजूला घेऊन खरं सांगितलं. तिने पदराने नाक पुसलं आणि विचारलं, "बाटली मांडवात आली व्हती का?" म्हटलं, नाही. "मंग झाला तर. गप ऱ्हा."

मी गप्प राहिलो नसतो. पंढरीशेठकडे जाऊन, तुमच्यासाठी आणलेली बिअर नवरदेवाला चोळली, असं सांगायचं वाक्य मी मनात दोनदा जुळवलं होतं. पण तिथे पोचेपर्यंत कुणीतरी त्यांचा पेला दुसऱ्या किटलीतून भरला होता. त्यांनी पेला नाकाशी नेला (चिठ्ठीतली रीत मीच त्यांना आधी हौसेने सांगून ठेवली होती, हा माझा गाढवपणा), डोळे मिटले, घोट घेतला आणि चार खुर्च्यांपलीकडे ऐकू जाईल असं म्हणाले, "अनंतराव, ही बिअर हाय! आजवर प्यालो तो साबनाचा पानी व्हता. पैशे टाकले की जिभेला समजतं." भोवतालचे सगळे माना डोलवू लागले. त्यांच्याही पेल्यांत तेच होतं. आता तूच सांग, त्या क्षणी होणाऱ्या व्याह्याला पाहुण्यांच्या घोळक्यात सांगायचं का, की शेठ, हा तोच साबण? मला नाही जमलं. मेघालीने लांबून, बायकोलाच जमतं तसं, नजरेने विचारलं, काय झालं? मी नजरेनेच सांगितलं, नंतर.

इथे थांबलं असतं तरी मी रोजनिशीत दोन पानं स्वतःला बोल लावून मोकळा झालो असतो. पण मागच्या आठवड्यात पंढरीशेठनी तुझ्या बिअरचं नाव लिहून घेतलं, धामणकर नाक्याजवळच्या एका दुकानातून ती विकत घेतली, घरी जाऊन प्याले आणि थुंकले. दुसऱ्या दिवशी मला फोन. नाक्यावर या, दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला, असली चव काय असते ते तुम्हालाच ठाऊक, तुम्ही साक्षीला हवे. गेलो. भर ट्रॅफिकमध्ये पंढरीशेठ उघडी बाटली हातात धरून उभे, "इसमें संत्रे का बास आता है! दवाई डाला है क्या?" दुकानदार बिचारा सील दाखवतोय, "सेठ, कंपनी का माल है, पेटी आपके सामने खोली." मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. दादा, कॉलेजात मी तर्कशास्त्राला चांगले गुण मिळवले होते. मी म्हणालो, "हर आदमी की जुबान अलग होती है." शेठना वाटलं मी त्यांच्या बाजूने बोललो, दुकानदाराला वाटलं त्याच्या. तो दोन्ही बाजूंना खरा ठरणारा खोटेपणा अजून माझ्या घशात आहे. निघताना शेठ माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "साखरपुड्याला बाकी काय करू नका. फक्त ती हळदीवाली पाजा. मी अख्ख्या अकलोलीला सांगून बसलोय."

आता माझी अडचण नीट समजून घे. खरी भारी बिअर आणली तर ती त्यांना नकली वाटणार आणि अख्ख्या अकलोलीदेखत मी त्यांना फसवलं असं ठरणार. साधी आणली आणि साधीच म्हटलं तर त्यांची जीभ खोटी पडणार, आणि पंढरीशेठ गरिबी सोसतील पण जीभ खोटी पडलेली सोसणार नाहीत. साधी आणून भारी म्हटलं तर मी आयुष्यभर खोक्यांवरची लेबलं तपासून काय मिळवलं? रंजिता म्हणते, "बाबा, तुम्ही बिअरवर एवढा विचार करताय, माझ्या नवऱ्यावर केलात का?" मी म्हटलं, केला, तो साधा आहे आणि चांगला आहे. "मग बिअरचंही तेच सांगा की शेठना." पोरीची जात निर्भय असते, कारण व्याह्यांच्या शेजारी बसून जेवायचं मला असतं.

खूप विचार करून मी या मताला आलो आहे की महागड्या बिअरमध्ये काही तथ्य नाही. माणूस किंमत पितो, आणि किंमत कोणत्याही किटलीत मावते. तुला वाईट वाटेल, पण अंगठ्याच्या दृष्टीने हे ऐकणं तुला हिताचंच आहे. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. प्रकृतीला जप.

तुझा,
अनंता

ता. क. : वहिनी म्हणाल्या की त्या भारी बिअरच्या जुन्या रिकाम्या बाटल्या तू आठवण म्हणून कपाटावर मांडून ठेवल्या आहेस. त्यातल्या सहा पाठव. लेबलं शाबूत असलेल्या. साखरपुड्याला देव बसत नाहीत, तेव्हा बाटली दिसली तरी गोदूआत्याची हरकत नाही. मी त्या किटलीशेजारी टेबलावर नुसत्या उभ्या करीन. किटलीत काय आहे हे मी तोंडाने बोलणार नाही. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मला आज सकाळपासून वाटतंय. काल रात्रीपर्यंत वाटत नव्हतं. तुझं मत कळव, पण बाटल्या मताची वाट न पाहता पाठव.

ता. क. २ : कोणी सरळ विचारलंच, "अनंतराव, हीच ना ती?" तर मी "हीच ती" म्हणेन. नीट पाहिलंस तर ते अक्षरशः खरं आहे. हळदीला ते हीच प्याले होते.

ता. क. ३ : नाक्यावरून ती उघडी बाटली शेठनी माझ्याच हातात कोंबली होती. फेकायला म्हणून घरी आणली. फेकण्याआधी, न्यायाच्या दृष्टीने, एक घोट घेतला. मग घरात कुणी नव्हतं म्हणून उरलेलीही घेतली, बोंबलांशिवाय, आणि कॅलेंडरकडे लक्षच गेलं नाही. म्हणून त्या सहांतल्या दोन भरलेल्या पाठव. रिकाम्या करायचं काम माझ्याकडे लागलं. मेघालीने विचारलंच तर सांग की रिकाम्या बाटल्या वाटेत लवकर फुटतात, असं आमच्या गोडाऊनमध्ये मानतात. (मानत नाहीत.)