साहेबासाठी राखून ठेवलेला संत्रा

१८ डिसेंबर, सकाळी ९
फुकटच्या विमान तिकिटाचा खरा खर्च: सौंसर ते नागपूर गाडी अडीच हजार. चाकांची बॅग अठराशे. बूट बाराशे, वरून चावून राहिले. जामसांवलीच्या हनुमानाला नारळ. आणि एअरपोर्टवरचा चहा दोनशे दहा, कागदाच्या कपात. बंगलोरच्या श्रीकांत साहेबानं तिकीट पाठवलं नसतं तर आज माझ्या खिशात पैसे असते.

पण काम मोठं आहे. साहेबाची ज्यूसची पंधरा दुकानं. उद्या नमुना दाखवायचा, पसंत पडला की सीझनभर माल आपला. रामाकोन्याच्या कवडूला सांगून ठेवलं, बाग कोणाले देऊ नको, तुहा माल आता बंगलोरले जाते. त्यानं दारात आलेला व्यापारी परत पाठवला. माझ्या शब्दावर.

डब्यात डझनभर संत्रे, माझ्या हातानं तोडलेले. बस स्टँडवर टोपली घेऊन फिरलेला माणूस आहे मी. फळ हातात घेतलं की सांगतो, गोड का आंबट. या डझनात एक आंबट काढून दाखवा! वत्सला म्हणे, डब्याले हात लावसान तर याद राखजा. बायकोला धंदा काय समजते? धंद्यात मी सख्ख्या भावाला फुकट फोड देत नाही.

१०.१५
दिल्लीत धुकं. विमान तिकडून यायचं, म्हणून दोन तास लेट. बरंच झालं. मार्केट सर्वे करतो.

११.००
सर्वे झाला. सेंटचं दुकान, पुस्तकांचं दुकान, संडास, परत सेंटचं दुकान. काचेतून एक विमान पाहिलं. आपलं नव्हतं. सेंटवाल्या पोरीनं दोनदा मनगटावर सेंट मारला. तिसऱ्यांदा म्हणे, काका, बसायला जागा नाही का मिळाली?

११.४०
डबा उघडला. फक्त हवा द्यायला. एसीत फळ आखडते. तपासणी म्हणून एक खाल्ला. ए-वन. एकाच्या देठाजवळ हिरवट डाग दिसला, हाताला जरासा हलका. तो डब्यात तळाशी ठेवला. आता डबा बंद. उद्यापर्यंत उघडणार नाही.

१२.३०
चार तास लेट. माझे कान तिखट, हा गुण म्हणा का दोष. मागच्या खुर्चीवर दोन पोट्टे. एक म्हणे, अबे, आपल्या संत्र्यात आता काही दम नाही राहिला, पंजाबचा किन्नू घ्यावा. रक्त उसळलं. दोघांच्या हातात एकएक वजनदार फळ ठेवलं. किन्नूवाला बोटं चाटून राहिला, म्हणे, काका, अजून एक होईल का? दिला. याला जाहिरात म्हणतात. हिरव्या डागाचा हातात आला होता, पण तो साहेबासाठी राखला.

२.१०
फिरता फिरता एक लेकरू रडताना दिसलं. त्याच्यापुढं एक संत्रा धरला. त्याची आई त्याला सांगे, अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नसते. मग मला म्हणे, मलापण एक द्या. दोन गेले. सेंटवाल्या पोरीनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिला एक, तिच्या मैत्रिणीला एक. प्रत्येक वेळी सगळ्यात चांगला निवडून दिला. पडेल माल द्यायची आपली रीत नाही.

३.३०
खांबामागून एक बाई फोनवर: अहो, इकडं एक काका फुकट संत्रे वाटून राहिले, लवकर या, संपतील. फुकट! वाटून राहिले! पण संपतील म्हणाली, म्हणजे डिमांड आहे. बाई, तिचा नवरा आणि नवऱ्याचा कोणी दोस्त, तिघं हात पुढं करून उभे. नाही कसं म्हणता? दोस्त म्हणे, आणि तो उरलेला? मी सांगितलं, तो साहेबाचा.

५.००
विमान लागलं एकदाचं. डबा हलका, चालायला सोपं. शितावरून भाताची परीक्षा होते, डझन घेऊन जाणारे अडाणी. वत्सलाचा फोन आला, डबा कसा आहे? म्हटलं, सुरक्षित आहे. डबा सुरक्षितच आहे.

१९ डिसेंबर, बंगलोर, दुपारी
कवडूचे दोन फोन. नंतर उचलतो.

साहेब भला माणूस. हिंदीत विचारलं, एकच आणला? मी म्हटलं, साहेब, एकच पुरे. त्यानं स्वतः सोलला. एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. मला वाटलं, झालं काम. मग मॅनेजरला बोलावून त्यालाही एक फोड दिली. त्यानंही डोळे मिटले. दोघं एकमेकांकडं पाहून राहिले. मग साहेबानं एक फोड माझ्यापुढं केली. म्हणे, आपण पण घ्या.

घेतली.

आंबट होता.