बाहेरगावी असतात

प्रिय ताई,

काल तुझा फोन आला तेव्हा मी फार बोलले नाही. मुलं बसली आहेत, असं सांगून ठेवून दिला. खोलीत कुणी नव्हतं. जे सांगायचं आहे ते फोनवर जमणार नाही. तू मध्येच "असू दे गं" म्हणशील आणि मी तेवढ्यावर सुटेन. म्हणून लिहिते आहे. उभ्या उभ्या वाचू नकोस.

माझी पुढची खोली तू पाहिली आहेस, पण शाळाप्रवेशाच्या मुलाखतीची तयारी चालू असताना फक्त एकदाच. मुलासाठी मी मोठ्या माणसाची खुर्ची ठेवते, कारण शाळेतही तीच असते आणि मुलांचे पाय लोंबकळतात. पाय हलवायचे नाहीत, हा पहिला धडा. दारात "आत येऊ का?", नाव पूर्ण सांगायचं, उठताना "थँक्यू". गेल्या वर्षी एक मुलगा इतका तयार झाला होता की जाताना पंख्यालाही थँक्यू म्हणाला. तुझी गोटी मात्र पहिल्या दिवशी खुर्चीवर चढून बसली आणि मी नाव विचारल्यावर म्हणाली, "मावशी, विसरलीस का?" दाराबाहेर तू हसलीस. भाऊजींना जाऊन दोन महिने झाले होते. तुला हसताना मी त्यानंतर प्रथमच ऐकलं.

तिसऱ्या दिवशी तू लॅबमध्ये होतीस. मी वडिलांचा प्रश्न घेतला. तो टाळता येत नाही, प्रत्येक शाळेत विचारतात. बाबा काय करतात? गोटीने पाय न हलवता सांगितलं, "बाबा मेले." आवाज चढला नाही, उतरला नाही. मी शब्द सुधारला. म्हटलं, "मेले नाही म्हणायचं बाळा, वारले म्हणायचं." ती म्हणाली, "आई मेले म्हणते." खरंच होतं ते. तू तिला सगळ्यांच्या विरोधात जाऊन तसंच सांगितलं होतंस. सासूबाई म्हणत होत्या, एवढीशी पोर, गावाला गेलेत म्हणून सांग. तू म्हणालीस, मी नाही सांगणार. लॅबमध्ये रक्त काढताना तू मुलांना दुखणार नाही असं कधी म्हणत नाहीस. टोचेल म्हणतेस, आणि मुलं हात पुढे करतात. गोटीलाही तसंच सांगितलंस. ती आठवडाभर रडली आणि तिला कळलं. मला तेव्हा तू कठोर वाटली होतीस. आता वाटत नाहीस.

"वारले" तिच्या तोंडात बसेना. "वाल्ले" म्हणायची. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा खालचा ओठ थरथरला. मुलाखतीत रडलेलं मूल यादीत येत नाही, हे मी बारा वर्षं पालकांना सांगत आले आहे. तिचं नाव त्या शाळेत लागावं म्हणून तू काय काय सोडलंस, तेही मला माहीत होतं. मी तिला सोपं वाक्य दिलं. बाबा मशीन दुरुस्त करतात, कामासाठी बाहेरगावी असतात. महिन्यातले पंधरा दिवस भाऊजी बाहेरगावी असायचेच. वाक्य घरातलंच होतं, पाठ करावं लागलं नाही. मी तिला बजावलं, हे शाळेतल्या बाईंनाच सांगायचं. आईजवळ बोलायचं नाही, आईला रडू येईल. तिने शहाण्यासारखी मान हलवली.

मुलाखतीच्या दिवशी तू ऑफिसात कागदपत्रं दाखवत होतीस. मुलाखत घेणाऱ्या बाई गोटीला माझ्याकडे सोडायला स्वतः बाहेर आल्या. त्यांच्या हातात तुझा अर्ज होता. वडिलांच्या रकान्यात तू खरं ते लिहिलं होतंस. मी तुला विचारलंच नव्हतं. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "हिला अजून सांगितलेलं दिसत नाही. आम्हीही सांभाळून घेऊ. वर्गात कुणी विषय काढणार नाही." तिला माहीत आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. यादी चार दिवसांनी लागणार होती. मी त्यांचे आभार मानले. यादी लागली तेव्हा तू माझ्या गळ्यात पडलीस, आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

काल फोनवर तू म्हणालीस, गोटी सावरली. पोटभर जेवते, शाळेत हसत जाते, बाबांची आठवण काढून रडत नाही, सुट्टीला किती दिवस उरले ते बोटांवर मोजते. हे सगळं तुझ्यामुळे, असंही म्हणालीस. ताई, माझ्या कामात एका उत्तरावर थांबत नाहीत. समोरचा पुढचा प्रश्न विचारतो, म्हणून तोही तयार ठेवायचा असतो. मग बाबा घरी कधी येतात? त्याचं उत्तर मी तिच्याकडून दहा वेळा म्हणून घेतलं. पहिल्या वेळी तिने माझ्याकडे बघून विचारलं, "खरंच?" मी मुलाखतीच्या आवाजात म्हणाले, "मोठ्याने." उत्तर असं आहे : शाळेला सुट्टी लागली की येतात. शनिवारी सुट्टी लागते. हे पत्र आज कुरियरने टाकते आहे, म्हणजे गुरुवारी तुझ्या हातात पडेल. तिला पुन्हा सांगावं लागेल, आणि या वेळी ती आधीपेक्षा जास्त रडेल. मीच येऊन सांगितलं असतं. पण मी सांगितलेलं ती नुसतं पाठ करेल. तू सांग.

तुझीच,
धाकटी