टॅक्सी, घर आणि मागच्या सीटवरच्या ताई

मी, खाली सही करणारी टॅक्सीचालक, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाविना हे लिहून ठेवते. डोळे अधू झालेत, डोके नाही.

१. आधी कारण. माझे पती घरच्या गाडीतून भाडे घेऊन प्रवासी नेत. परवाना नव्हता, विमा खासगी वापराचा. धाकट्या दिरांनीच त्यांना भरीला घातले होते, की कोण बघायला येतंय? एका वळणावर गाडी उलटली. पती जागीच गेले. मागे बसलेल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंचा पाय कायमचा गेला. पैसे घेऊन माणसे नेली म्हणून विमा कंपनीने हात वर केले, आणि कायद्याने ते बरोबरच होते.

ताई माझ्यावर दावा लावू शकल्या असत्या. कुबडी टेकत त्या दारात आल्या, तेव्हा घर गेलेच असे मी धरून चालले.

त्या म्हणाल्या, "तू गाडी चालवायला शीक. पण परवाना काढ, प्रवाशांचा विमा उतरव. पहिली मी बसेन."

बसल्याही. आरशात पाहिले, तर डोळे घट्ट मिटलेले. पण उतरल्या नाहीत. पुढे त्या माझ्याकडेच राहायला आल्या.

२. सबब राहते घर ताईंच्या हयातीपर्यंत त्यांचे. त्यांना कोणी पाहुण्या म्हणू नये. त्यानंतर घर मुलाचे.

३. टॅक्सी सुनेला. मुलाला स्टिअरिंग हातात आले की गप्पा सुचतात. परवाना आणि विमा सुनेच्या नावे होईपर्यंत तिने एकही भाडे घेऊ नये, ओळखीतलेसुद्धा नाही. ओळखीच्या माणसाचे हाडही तसेच मोडते.

४. धाकट्या दिरांना काही नाही. पती गेले त्या दिवशी ते मला म्हणाले, "नशीब, वहिनी." नशिबाचा हप्ता भरता येत नाही, विम्याचा येतो. मुलाने मात्र काकांशी बोलणे सोडू नये. मी सोडले तेवढे पुरे.

साक्षीदार म्हणून ताईंना सही करायची होती. वकील म्हणाले, ज्यांना मिळते त्यांनी साक्षीला राहू नये.

ताई म्हणाल्या, "मग मला काही देऊ नकोस. सही करू दे."

त्यांचे ऐकलेले नाही.

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : सतरा जून

सही : टॅक्सीचालक

साक्षीदार :
१. शेजारच्या दवाखान्यातील डॉक्टर (सही)
२. स्टँडसमोरचे गॅरेजवाले (सही)