‘हाव जी’ म्हणजे होय नव्हे

माय, तू शाळेत गेली नव्हतीस, पण संशय घ्यायला मात्र तूच मला शिकवलंस. वडनेरच्या घरी भाकरी थापता थापता म्हणायचीस, “साहेबानं इचारलं का ‘हाव जी’ म्हनाचं, आन् मंग आपल्या डोयानं पाहाचं.” आता मीच साहेब झालेय बघ. अपंग विद्यार्थ्यांच्या सोयी नीट आहेत का, हे तपासणाऱ्या विद्यापीठाच्या समितीवर मला घेतलंय. माझ्या पोलिओच्या पायातला कॅलिपर बघूनच घेतलं असणार, दुसरं काय!

परवा आम्ही समितीचे सगळे आपल्याच जिल्ह्यातल्या एका कॉलेजात गेलो. दारात नवा रॅम्प, त्याचा रंग अजून हाताला लागत होता. अपंगांसाठीचं स्वच्छतागृह इतकं कोरडं, की फरशीवर थेंब नाही. रोजच्या वापरातली जागा अशी असते का गं? इथं पाणी मुरतंय, हे मला तिथंच कळलं. प्राचार्य सावलीसारखे सोबत. कुबड्या घेतलेल्या एका मुलीला आमच्या समितीतल्या पुण्याच्या सरांनी विचारलं, “सगळं व्यवस्थित आहे ना?” ती म्हणाली, “हाव जी.” सरांनी खूश होऊन ‘समाधानी’ लिहून टाकलं. अहो, ती तुमची बोळवण करतेय! पण प्राचार्यांसमोर हे मी बोलणार कसं?

सगळे चहाला गेले तशी मी तिच्याजवळ बसले. “खरं सांग पोरी, इथं कोनी नाई.” तिनं आधी मलाच खालपासून वरपर्यंत पाहिलं. माझ्या पायाशी तिची नजर थांबली, आणि मग ती बोलली.

“ते संडास आजच उघडलं, मॅडम. एरवी कुलूपच राह्यते. मी सकायपासून पानीच पेत नाई. डॉक्टर म्हनते, असंच चाल्लं तर किडनी जाईन. बाबा म्हनते, कॉलेज सोड.”

“मी लिहिते हे सगळं.”

“नोका लिहू! तुमी जासान निघून, मले इथंच राहाचं हाय.”

मी पेनाला टोपण लावलं. मग तिनंच विचारलं, “तुमी काऊन नाई गेल्या चहाले?”

“नको वाटला,” म्हटलं. ती हसली. कळलं तिला.

तिचं नाव न घेता कुलूप मी अहवालात घातलंय. सर म्हणतात, कोणाची तक्रार नाही, मग पुरावा काय? दुसऱ्या कोणाची कशाला हवी, माय? सोयी तपासायला निघालेल्या मी त्या दिवशी घरून निघाल्यापासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. कुठल्याच कॉलेजात जाताना घेत नाही. तुला सांगितलं. त्यांना सांगायला अजून लाज वाटते.