हात कशाने थरथरतो

काठी,
१८ मार्च २०२५

चि. दलसिंग यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. इथे रेंज नाही, म्हणून जीपवाल्याच्या हाती पत्र देते. त्याला चहा पाज, स्वतः मात्र काही पिऊ नकोस. होळीचा नवस घेऊन नाचायला उतरलास आणि ढोलाची काठी तीनदा हातातून पडली! लोक हसले, शेजारचा फुलसिंग तर पोट धरून. आई मान खाली घालून बसली. तुझ्या कारखान्यातल्या सुपरवायझरनेही गावात निरोप धाडलाय, हा सकाळीच झोकून येतो म्हणून. नवसाचे दिवस तरी पाळायचे होतेस. मला लाज वाटली. माया आहे म्हणून रागावते.
तुझी ताई,
शीला

२४ मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि. अक्षर भरतचं आहे, माझा खोलीतला सोबती, कळसाडीचा. माझ्या हातात पेन ठरत नाही. बटणंही तोच लावतो.

ताई, मी थेंबही घेतला नव्हता. सहा वर्षं पिंपातल्या केमिकलमध्ये लोखंडी भाग धुतोय. हातमोजे मिळतात ते तपासणीच्या दिवशी. शेडमधल्या वाहरूचे आणि दोधूचेही हात असेच हलतात. दोधू माळकरी, तरी त्यालाही दारुडाच म्हणतात. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, काम काय करतोस? आजवर कोणी विचारलं नव्हतं. केमिकलने मेंदूवर परिणाम झालेला दिसतो, ते काम बंद कर, म्हणाले, तसं लिहूनही दिलं. कंपनीने कागद पुढे केलाय, दारूमुळे काम जमत नाही असा. एक तारखेला अंगठा द्यायचाय. तूही तेच म्हणतेस, तर देऊन टाकतो.
तुझा,
दलसिंग

काठी,
२७ मार्च २०२५

चि. दलसिंग यास,
आशीर्वाद. अंगठा देऊ नकोस! चुकले मी. सख्ख्या बहिणीने परक्याचं खरं मानलं. आईला पत्र वाचून दाखवलं, मग फुलसिंगच्या दारात उभं राहून मोठ्याने वाचलं. आता तो हसत नाही, सोबत येतोय.

आग होतेय माझ्या अंगाची. हात कंपनीवाल्यांनी घालवायचे आणि नाव दारूचं घ्यायचं? पहाडातला माणूस म्हटला की पिणाराच, एवढंच यांना ठाऊक.

तिघांच्या वतीने तक्रार लिहिली आहे. सोमवारी घेऊन येते, डॉक्टरांचा कागद जपून ठेव. मी तुझा हात धरून तुला पाटीवर नाव गिरवायला शिकवलं होतं, यावेळी धरणार नाही. सही तुझी तूच कर. अक्षर थरथरलं तर थरथरू दे, साहेबाला ते दिसलंच पाहिजे.

लोभ आहेच, आता थोडा रागही धर.
तुझी ताई,
शीला