चौथीच्या निरोपाचं भाषण

कुरुळी
गुरुवार, दुपार

प्रिय विजू,

सोमवारपासून तुझे नऊ फोन येऊन गेले. मी एकही उचलला नाही आणि उचलणारही नाही. फोनवर तू रडशील. तू रडलीस की माझा राग पातळ होतो, हे तुला आपल्या मोशीच्या शाळेपासून माहीत आहे, आणि या वेळी मला तो पातळ होऊ द्यायचा नाही. आज कंपनीला सुट्टी आहे. नागसेन गाडी सर्व्हिसिंगला घेऊन गेलाय, संबोधी आजीबरोबर शेजारी पापड लाटायला गेलीय. त्या परत येईपर्यंत लिहून होईल. शिवाय कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात तू याच खोलीत बसली होतीस. संबोधीचा चाकणच्या इंग्लिश मीडियममधला प्रवेश जवळजवळ पक्का झाला होता, गणवेशाचं कापडसुद्धा बघून ठेवलं होतं. तू भर उन्हात स्कूटीवरून आलीस, पंख्याखाली बसलीस आणि ओढणीने घाम पुसत म्हणालीस, "पोरगी माझ्या हातात दे. चौथी होईल तेव्हा कुणाहीसमोर उभी राहून बोलेल." सासूबाईंना ते मुळीच पटलं नव्हतं. "आमी जिल्हा परिषदेत शिकलो ते दुसरं काय नव्हतं म्हणून. आता हाय, तर का न्हाई घालायचं?" असं त्यांनी तुझ्यासमोरच विचारलं. नागसेन चार दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. कंपनीत माझ्या लाइनवरच्या बायका म्हणाल्या, दोघं कमावता आणि पोरगी मराठी शाळेत? मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, तिथे माझी विजू आहे. माझ्याकडे दुसरं कारणच नव्हतं.

आणि तू शब्द पाळलास, हे मी रागातही नाकारणार नाही. जूनमध्ये तू खोल्याखोल्यांतून फिरून पोरं गोळा करायचीस, ज्यांचे बाप रात्रपाळी करून झोपलेले असायचे त्यांची दारं वाजवायचीस. संबोधी दुसरीत धडाधड वाचायला लागली. रस्त्यावरच्या पाट्या, ट्रकच्या मागची वाक्यं, सासूबाईंच्या गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं, काहीही. तिसरीत तिने 'माझी आई' या निबंधात लिहिलं होतं की माझी आई पहाटे पाचला उठून हसतमुखाने कामाला जाते. तू त्यावर लाल पेनाने लिहिलंस, "आई खरंच हसते का? खरं लिही." पोरीने निबंध पुन्हा लिहिला. माझी आई उठते तेव्हा तिची बोटं आखडलेली असतात, ती गरम पाण्यात बुडवून बसते आणि तेव्हा तिच्याशी बोललेलं तिला आवडत नाही. तो निबंध तू मला स्वतः आणून दाखवलास. तुझे डोळे भरले होते. "बघ, कसं लिहिते," म्हणालीस. म्हणून म्हणते, विजू, खरं लिहायची खोड तिला मी लावली नाही. मी तर घरी तिला गप्प बस म्हणणारी बाई आहे.

निरोप समारंभाचं भाषण कुणी करायचं हे वर्गाने चिठ्ठ्या टाकून ठरवलं. सव्वीसपैकी एकोणीस चिठ्ठ्या संबोधीच्या निघाल्या. घरी आली ती नाचतच. दोन दिवस बसून तिने भाषण लिहिलं, मला दाखवलं नाही. तुला दाखवलं. मी ते नंतर वाचलं, तुझ्या लाल रेघांसकट. त्यात तिने झेंडावंदनाला पडलेल्या पावसाबद्दल लिहिलं होतं, पोषण आहाराच्या खिचडीबद्दल लिहिलं होतं, आणि कस्तुराबद्दल. तिच्या बाकावरची ती हिंगोलीची कस्तुरा, जिच्या वडिलांचं कंत्राट संपलं आणि जी जानेवारीत कुणाचा निरोप न घेता गेली. पोरीने लिहिलं होतं, "आपल्या शाळेत ऑगस्टमध्ये नवीन संडास बांधले. पण त्यांना अजून पाणी नाही. म्हणून आम्ही मुली दिवसभर पाणी पीत नाही. कस्तुराच्या एकदा पोटात खूप दुखलं. तेव्हा मॅडमनी तिला कडेवर उचलून समोरच्या काकूंच्या घरी नेलं. मॅडम आमच्यासाठी पळतात." या सगळ्या परिच्छेदावर तू तिरकी रेघ मारलीस. मॅडम पळतात, त्यावरसुद्धा. का, ते मला कळतं. ज्या कंपनीने ते संडास बांधून दिले तिचे साहेब प्रमुख पाहुणे होते. भिंतीवर त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी होती. आणि पुढच्या वर्षी ते दोन वर्गखोल्या देणार होते. मग तू तिला स्वतःच्या हाताने दुसरं भाषण लिहून दिलंस. "आमची शाळा म्हणजे ज्ञानाचं मंदिर. येथे आम्हाला सर्व सोयीसुविधा मिळाल्या." तिने तेही पाठ केलं. तुझं ऐकते ना ती.

शनिवारी मी हाफ डे टाकून आले. शाळा किती छान सजवली होतीस. पोरांनी काढलेल्या रांगोळ्या, जुन्या साड्यांचे पडदे, दारावर आंब्याची पानं. आम्ही आयांनी पुरी-भाजी केली होती, जिलेबी मागवली होती. चौथीच्या मुलांनी शाळेला भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. पहिलीच्या पोरांनी नाच केला, त्यातल्या एकाची टोपी पडली आणि तो ती उचलायला मंचावरून खाली उतरून प्रेक्षकांतच बसला. मी पोट धरून हसले. मग तू संबोधीचं नाव पुकारलंस. निळा फ्रॉक, दोन वेण्या, हात मागे बांधलेले. ज्ञानाचं मंदिर झालं. गुरुजनांना वंदन झालं. "येथे आम्हाला सर्व" इथपर्यंत ती आली आणि थांबली.

ती तुझ्याकडे बघत होती, विजू. मी तिसऱ्या रांगेतून बघत होते, ती घाबरलेली नव्हती. घाबरली की ती ओठ आत ओढते, हे तुलाही माहीत आहे. ती वाट बघत होती, तू मान हलवशील म्हणून. तू हलवली नाहीस. मग तिने माइकजवळ तोंड नेलं आणि म्हणाली, "नवीन संडासाला अजून..." आणि तू दोन पावलांत तिच्यापाशी पोचलीस, माइक काढून घेतलास आणि गोड आवाजात म्हणालीस, "विसरली हो आमची संबोधी. घाबरलं लेकरू. टाळ्या वाजवा तिच्यासाठी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब हसले. मागून कुणाचा तरी पोरगा ओरडला, "विसरली, विसरली." आणि गाणं लावलं गेलं.

भाषण कापलंस ते मी गिळलं असतं. मीही नोकरी करते. ऑडिटच्या दिवशी आमच्या लाइनवरही फुटलेल्या खुर्च्या पत्र्यामागे लपवतात आणि मी त्या लपवायला मदत करते. माइक घेतलास, तेही एक वेळ समजून घेतलं असतं. पण तू सव्वीस मुलांसमोर, त्यांच्या आईबापांसमोर खोटं बोललीस, आणि ते तिच्या नावावर घातलंस. साहेबांची लाज राखायला दहा वर्षांच्या पोरीची लाज काढलीस.

तिने जिलेबीला हात लावला नाही. झोपायच्या आधी म्हणाली, "आई, मला पुढचं वाक्य येत होतं. फक्त तोंडातून निघेना." मी म्हटलं, मला माहीत आहे. रविवारी वरच्या खोलीतल्या काकूंनी विचारलं, काय गं, भाषण विसरलीस म्हणे? ती आत निघून गेली. मंगळवारी पुन्हा कुणी विचारलं तेव्हा हसून म्हणाली, "हो, विसरले." आणि काल सकाळी वेणी घालताना मला विचारलं, "आई, मी खरंच विसरले होते का? मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या म्हणजे विसरले असेन."  तुला घरी ती मावशी म्हणायची. शनिवारपासून घरातही मॅडमच म्हणतेय. तुझ्यावर चिडून नाही. चिडली असती तर मी हे पत्र लिहिलं नसतं, चिडलेलं माणूस शाबूत असतं. ती तुझ्यावर विश्वास ठेवतेय, स्वतःवर नाही.

आता जे लिहायला मला तीन पानं लागली ते लिहिते. तू टाळ्या वाजवायला सांगितलंस तेव्हा मीही वाजवल्या. शेजारची बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "असू द्या हो, लहान आहे," आणि मी हसले. चांगली दात दाखवून हसले, माझी पोरगी विसराळूच आहे अशी. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. साहेब पुढच्या रांगेत होते, सगळे हसत होते, मीही हसले. मी उभी राहू शकले असते. "तिला बोलू द्या," एवढे तीनच शब्द लागत होते. ते मला सुचले घरी गॅस पेटवताना. पाच दिवस मी तुझ्यावर जळतेय, त्यात माझाही वाटा जळतोय, पण त्यामुळे तुझा कमी होत नाही.

आता हे पत्र आजच का, ते सांगते. काल संध्याकाळी शाळा समितीचे अध्यक्ष सोपानराव आमच्याकडे आले होते. टाइप केलेला अर्ज घेऊन. मुलीचा जाहीर अपमान केला म्हणून विजयश्री मॅडमची बदली करा, असा. खाली चार सह्या झाल्यात, पाचवी माझी हवी. "तुमी फकस्त सही करा, ताई. बाकी आमी बघतो," म्हणाले. वर हळूच असंही म्हणाले, की तुमच्या समाजाची पोर म्हणून मुद्दाम केलं असं घातलं तर अर्जाला वजन येईल. त्यांचे ट्रेलर रात्री शाळेच्या मैदानात लावायला तू मनाई केलीस, गेटला कुलूप घातलंस, हे अख्ख्या कुरुळीला माहीत आहे. आणि आम्ही गावात खोली शोधत होतो तेव्हा याच सोपानरावांनी आडनाव विचारलं आणि स्वतःच्या वीस खोल्यांत जागा नाही म्हणून सांगितलं, हे मला आणि नागसेनला माहीत आहे. समाजाची पोर म्हणून काय करतात ते मी चांगलं ओळखते. त्यांना म्हटलं, माझ्या पोरीचं भांडण मी करीन, अर्ज ठेवून जा. तो अर्ज या पाकिटात आहे, सहीशिवाय. तुझ्यामागे काय चाललंय ते तुला कळावं म्हणून. नागसेन संध्याकाळी मोशीला येऊन पाकीट देईल. त्याला चहाला थांबवू नकोस, आणि तुझ्या आईला, शालनबाईंना, यातलं काही सांगू नकोस. परवा शनिवारी निकाल आहे. प्रगतिपुस्तकं वाटायच्या आधी वर्गासमोर उभी राहा आणि सांग, की संबोधी काही विसरली नव्हती, मी माइक काढून घेतला. एवढंच. कारणं देऊ नकोस, कारणं आपण मोठ्यांनी एकमेकांना द्यायची असतात. माझ्या घरी येऊन मला सॉरी म्हणू नकोस, मला ते नको. तू नाही बोललीस तरी मी सही करणार नाही. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तुला वाटेल मी सौदा करतेय. पण जूनपासून ही सव्वीस पोरं सात शाळांत पांगतील, पुन्हा एकत्र सापडणार नाहीत, तुला शनिवारचाच दिवस आहे. माझ्या वाट्याचं मी आज सकाळी तिला सांगितलं. मी हसले, चुकले, तू विसरली नव्हतीस. ती म्हणाली, "तू हसलीस ते मला दिसलं होतं," आणि पोहे खात राहिली. पोहे संपल्यावर, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं, "मग मॅडमना पण माहीत आहे का, मी विसरले नव्हते ते?" मी म्हटलं, त्यांनाच विचार. ती विचारणार नाही, विजू. तूच सांग.

रागासकट तुझीच,
आम्रपाली